ओरछा दरवाजा कोणी उघडला? : नवोदित कथाकारापुढील एक प्रश्न

झाशी शहराच्या जुन्या तटाला दहा दरवाजे होते. त्यांतील ओरछ्याच्या वाटेकडे तोंड करून असलेला तो ओरछा दरवाजा. १८५८ च्या एप्रिल महिन्यात इंग्रजी फौज झाशीत शिरली ती कशी, या प्रश्नाचे लोकांच्या तोंडी असलेले उत्तर या दरवाजापाशी येऊन थांबते. दरवाजाची राखण ज्याच्याकडे होती तो फितूर झाला, त्याने दरवाजा आतून उघडला आणि झाशी पडली, असे हे उत्तर आहे. वृंदावनलाल वर्मा यांच्या ‘झाँसी की रानी’ (१९४६) या हिंदी कादंबरीने या फितुराला दूल्हाजू या नावाने वाचकांच्या मनात कायमचे स्थान मिळवून दिले.

दुसरे उत्तर इंग्रजांच्या सैनिकी कागदपत्रांतील आहे. सर ह्यू रोज २१ मार्च १८५८ रोजी झाशीपुढे आला. १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोपे यांच्या फौजेचा त्याने पराभव केला आणि ३ एप्रिलला पहाटे शहरावर हल्ला चढविला. एक तुकडी तोफांनी पाडलेल्या खिंडारातून आत गेली, दुसरीने तटाला शिड्या लावल्या. काही शिड्या आखूड पडल्या, काही मोडल्या. डिक आणि मेकलजॉन हे अभियंता पथकातील दोन तरुण अधिकारी शिडीवरून वर पोहोचताच मारले गेले. तिसरे उत्तर विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात मिळते. मजुरांच्या डोक्यावरून आणलेले गवताचे भारे तटाशी रचून त्यांची चढण तयार करण्यात आली, असे ते सांगतात.

इतिहासकाराला या तीन उत्तरांपैकी खरे कोणते हे ठरवावे लागेल. कथाकाराचा प्रश्न थोडा वेगळा आहे. फितुराचा दरवाजा, मोडकी शिडी आणि गवताचा भारा यांतून तीन वेगवेगळ्या प्रकारच्या कथा संभवतात आणि लिहू लागलेला तरुण लेखक बहुधा यांपैकी पहिलीकडे ओढला जातो. ही ओढ कशातून येते आणि तिला आवर घालणे का आवश्यक आहे, हे समजून घेतले तर कथालेखनाचे काही प्राथमिक धडे हाती लागतात.

मराठीत कथालेखनाच्या मार्गदर्शनाची परंपरा नवी नाही. ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावर लेखकांची एक पिढी पोसली. कथानकाची बांधणी, गुंतागुंत, उत्कंठा, कलाटणी या गोष्टी शिकता येतात आणि शिकवता येतात, हा त्यामागील विश्वास होता. लेखन म्हणजे केवळ दैवी स्फूर्ती, या भाबड्या समजुतीला त्याने धक्का दिला, हे त्याचे ऋण मान्यच केले पाहिजे. तथापि १९४५ नंतरच्या नवकथेने या तंत्राची एक उणीव उघडकीस आणली. रचना आधी आणि अनुभव मागाहून, असा क्रम लागला की पात्रे रचनेची नोकर होतात. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘माणदेशी माणसे’ (१९४९) मधील व्यक्तिचित्रांना रूढ अर्थाने कलाटणी नसते. तरी ती माणसे वाचकाच्या स्मरणातून जात नाहीत. कारण लेखकाने आधी माणसे पाहिली आहेत, आकार मागून आला आहे.

फितुराची कथा नवोदिताला आकर्षक वाटते याचे कारण ती रचनेच्या दृष्टीने तयार मिळते. तिच्यात एक खलपात्र आहे, एक गुप्त भेट आहे, निर्णायक रात्र आहे आणि एका कृतीने घडणारा सर्वनाश आहे. लेखकाला कारणे शोधण्याचे कष्ट पडत नाहीत. परंतु तीच तिची मर्यादाही आहे. एका माणसाने कडी काढली म्हणून शहर पडले असे म्हटले की दोन आठवडे चाललेला वेढा, तोफखान्यांच्या ताकदीतील तफावत, बेतवेवर झालेला पराभव आणि त्यामुळे मावळलेली कुमकेची आशा या सगळ्या गोष्टी कथेच्या दृष्टीने निरर्थक ठरतात. तटावर उभे राहून मेलेल्या माणसांचे मरणही त्यांच्यासोबत निरर्थक होते. सोपे कारण शोधणारा लेखक नकळत आपल्याच पात्रांवर अन्याय करतो, तो असा.

येथे विष्णुभटांकडे वळणे उपयुक्त आहे. ते कथाकार नव्हते. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक. घरची गरिबी आणि कर्ज यांमुळे दक्षिणेच्या आशेने ते चुलते रामभट यांच्यासह १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता हे निमित्त होते. वाटेत बंडाची धामधूम सुरू झाली आणि द्रव्य मिळविण्यासाठी निघालेला हा माणूस वेढ्याच्या काळात झाशीत अडकला. पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून, त्यांनी ही हकीकत लिहून काढली. वैद्यांनी ती १९०७ मध्ये प्रसिद्ध केली. हे लेखन प्रवासवर्णन, आत्मकथन आणि इतिहासाचे साधन अशा तिन्ही खात्यांत मांडले जाते. कथालेखनाच्या विद्यार्थ्याने ते चौथ्या कारणासाठी वाचावे. कथनदृष्टीची जी समस्या भल्याभल्यांना सुटत नाही, ती या पुस्तकात जाणीवपूर्वक प्रयत्न न करताही पुष्कळ अंशी सुटलेली दिसते.

याचे पहिले कारण निवेदकाची गरज स्पष्ट आहे. विष्णुभटांना काय हवे आहे हे पहिल्या पानापासून कळते: कर्ज फेडण्यापुरते द्रव्य, आणि आईवडिलांसाठी गंगेचे पाणी. राज्ये उलथत असतानाही या माणसाची नजर आपल्या गाठोड्यावरून हलत नाही. वाचकाला यात कोठेही क्षुद्रपणा जाणवत नाही. उलट त्या नजरेमुळेच युद्ध मोजता येते. नवोदित लेखक ऐतिहासिक विषय घेतो तेव्हा त्याच्या पात्रांना बहुधा फक्त इतिहास हवा असतो. स्वराज्य, सूड, कीर्ती असल्या मोठ्या शब्दांखेरीज त्यांच्या मनात काही नसते. पात्राला एखादी लहान, ठोस आणि तातडीची गरज दिली, तर मोठी घटना तिच्यावर आदळते आणि दोहोंचाही आकार स्पष्ट होतो. लुटीत मिळकत गमावूनही विष्णुभट गंगाजलाची कावड वरसईपर्यंत आणतात, हा या पुस्तकाचा शेवट इतका समाधान देणारा वाटतो तो यामुळेच.

दुसरा धडा पाहिलेले आणि ऐकलेले यांतील फरकाचा आहे. ‘माझा प्रवास’मध्ये दोन्ही प्रकारचा मजकूर आहे. बंड का झाले हे सांगताना विष्णुभट इंग्रज सरकारच्या चौऱ्याऐंशी कलमांची आणि राजेरजवाड्यांच्या सभेची जी हकीकत देतात, ती उघडच ऐकीव आहे. ती त्यांनी तितक्याच विश्वासाने सांगितली असली तरी तेथे गद्याचा पोत बदलतो. माणसे सरसकट होतात, भाषणे लांबतात, जागेचा आणि वेळेचा स्पर्श नाहीसा होतो. याउलट झाशीतील घरे, पुस्तकालय, राणीचा दिनक्रम, रात्री येणारे तोफांचे गोळे, हलवाईपुऱ्यातील आग, लपून बसलेल्या माणसांची पाण्यासाठी होणारी तगमग, रस्त्यांतून जाळली जाणारी प्रेते यांविषयी ते लिहितात तेव्हा वाक्याला वजन येते. लेखकाने आपल्या हस्तलिखिताचा कोणताही परिच्छेद याच कसोटीवर तपासून पाहावा. पात्र जेथे प्रत्यक्ष उभे आहे तेथील वाक्य आणि केवळ माहिती म्हणून आलेले वाक्य यांतील फरक थोड्या सरावाने कानाला कळू लागतो. ऐकीव मजकूर वर्ज्य नाही. परंतु तो ऐकीव म्हणूनच यावा, कोणाच्या तरी तोंडून, त्या माणसाच्या भीतीसह आणि अतिशयोक्तीसह.

तिसरा धडा क्रमाचा. शहर पडल्यानंतरची लूट विष्णुभट एका दमात सांगून टाकत नाहीत. आधी सोने-नाणे आणि मौल्यवान चीजवस्तू जातात, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, आणि अखेर पाळी धान्यावर येते. या क्रमात एक भीषण तर्क आहे. लुटणाऱ्यांची हाव जसजशी खालच्या वस्तूंकडे येते, तसतशी लुटल्या जाणाऱ्यांची स्थिती दागिने गमावणाऱ्यापासून उपाशी राहणाऱ्यापर्यंत घसरते. लेखकाने ‘भयंकर’, ‘अमानुष’ अशी विशेषणे घालण्याची गरज उरत नाही. परिणाम वस्तूंच्या यादीनेच साधला जातो. नवोदितांच्या कथांत भावना आधी जाहीर होते आणि पुरावा नंतर येतो, किंवा येतच नाही. पुरावा योग्य क्रमाने मांडला तर भावना जाहीर करण्याचे काम वाचक स्वतःच करतो.

चौथा धडा व्यक्तिचित्रणाचा आहे आणि त्यासाठी काल्पीकडील विहिरीचा प्रसंग पाहावा. झाशीत विष्णुभटांनी राणीला वैभवात पाहिले होते. व्यायाम, घोडेस्वारी, पूजा, दरबार या दिनक्रमाचे तपशील त्यांनी कौतुकाने नोंदविले आहेत. झाशी सोडल्यानंतर तीच स्त्री पठाणी वेषात, धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ अशी त्यांना वाटेत भेटते. ते पाणी काढून देऊ पाहतात, तर एका विद्वान ब्राह्मणाला आपल्यासाठी श्रम नकोत म्हणून ती त्यांना थांबवते आणि ओंजळीने पाणी पिते. प्रसंग लहान आहे. त्यात तलवार नाही, गर्जना नाही. तरीही राणीविषयी लिहिल्या गेलेल्या असंख्य वीररसपूर्ण पानांपेक्षा तो अधिक टिकला, कारण संकटातही न सुटलेली रीत त्यात एका कृतीतून दिसते. शिवाय हा प्रसंग एकटा उभा नाही. आधीचे वैभव वाचकाने पाहिलेले असते म्हणूनच ओंजळीला अर्थ येतो. शेवटच्या पानावरचा परिणाम हवा असेल तर त्याची तयारी बरीच आधी, सहज वाटेल अशा तपशिलांतून करावी लागते.

अर्थात विष्णुभटांच्या दृष्टीला मर्यादा आहेत आणि त्या दाखविणे हे टीकेचे काम आहे. ते भिक्षुक ब्राह्मण होते. त्यांचा वावर यजमानांच्या घरांतून आणि दरबारातून होता. तटावर तोफा डागणारे गोलंदाज, दारूगोळा वाहणाऱ्या स्त्रिया, कोरी समाजातील लढवय्ये यांना त्यांनी दुरून पाहिले, किंवा पाहिलेच नाही. ज्या क्षणी ओरछा दरवाजावर काय घडत होते याची कथा सांगितली जाते, त्या क्षणी हा साक्षीदार तेथे नव्हता. गवताच्या भाऱ्यांची हकीकतही त्याच्या स्वतःच्या डोळ्यांपुढची कितपत आणि शहरात पसरलेल्या वार्तेतली कितपत, असा प्रश्न विचारता येतो. पण साक्षीदाराची अशी आंधळी जागा हीच कथाकाराची हक्काची जागा असते. साक्ष जेथे संपते तेथे कल्पनेला काम आहे. जेथे साक्ष उपलब्ध आहे तेथे तिला डावलून केलेली कल्पना बहुधा साक्षीपेक्षा फिकी ठरते.

वर्मा यांच्या कादंबरीकडे या दृष्टीने न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये लिहिलेल्या मराठी चरित्रातून राणीचा लढा परिस्थितीने लादलेला होता असा जो ग्रह होत असे, तो वर्मांना पटत नव्हता. घरातील वृद्ध स्त्रियांकडून लहानपणी ऐकलेल्या कथा काही वेगळेच सांगत होत्या. झाशीत वकिली करणाऱ्या या लेखकाने लोकस्मृतीला कागदपत्रांच्या बरोबरीने मान दिला आणि झलकारीसारख्या व्यक्तींना कथेत जागा मिळाली, ही कादंबरीची मोठी कमाई आहे. महाश्वेता देवी यांनी आपल्या बंगाली ‘झाँसीर रानी’ (१९५६) या पुस्तकासाठी त्या प्रदेशात हिंडून लोकगीते आणि आख्यायिका जमविल्या, तीही याच जातीची साधना. नवोदित लेखकाने या दोघांकडून पायपीट शिकावी. ज्या जागेविषयी लिहायचे तेथील माणसे आज काय सांगतात हे ऐकल्याशिवाय ग्रंथालयातील टिपणे जिवंत होत नाहीत.

तथापि लोकस्मृतीतून आलेली प्रत्येक गोष्ट कथानकाचा आधारस्तंभ म्हणून वापरावी असे नाही. दूल्हाजूची फितुरी कथानकात यंत्रासारखी काम करते. पराभवाचे दुःख सुसह्य व्हावे म्हणून समाज फितुराला जन्म देतो; आम्ही हरलो नाही, आम्हाला विकले गेले, या भावनेत स्वाभिमानाची एक जखमी रूपरेषा असते. कादंबरीकार ती भावना जशीच्या तशी घटनेत रूपांतरित करतो तेव्हा त्या जखमेचे परीक्षण करण्याची संधी गमावतो. लोक असे का सांगतात, हा प्रश्न कथेच्या बाहेर राहतो.

तरीही ओरछा दरवाजाची कथा लिहायचीच असेल, तर ती लिहिण्याचा आणखी एक मार्ग आहे. दरवाजापाशी कोण उभे असेल? एखादा गोलंदाज, त्याला आपल्या तोफेचे तोंड दिसेल त्यापलीकडचे फारसे दिसणार नाही. एखादी पाणी नेणारी स्त्री. तिला तटाच्या आतली बाजू दिसेल, बाहेरची नाही. जवळच्या घरात दार लावून बसलेले म्हातारे. त्याला फक्त आवाज ऐकू येतील. यांपैकी कोणालाही झाशी का पडली हे कळण्याचा मार्ग नाही. पण दरवाजा उघडला, अशी ओरड तिघांच्याही कानी येऊ शकते. ती खरी की खोटी हे ठरविण्याआधीच त्यांना पळायचे, थांबायचे की लढायचे हे ठरवावे लागेल. अशा रीतीने फितुरी ही घटना म्हणून न येता वार्ता म्हणून आली, तर लेखकाला खोटे बोलावे लागत नाही आणि लोकस्मृतीचा अवमानही होत नाही. वेढ्यातील माणसांच्या दृष्टीने ती वार्ता हेच वास्तव होते. नवोदिताने सरावासाठी ही तिन्ही पात्रे घेऊन प्रत्येकी दोन पाने लिहावीत आणि प्रत्येक पानाच्या समासात, हे या पात्राला कसे कळले, असे विचारावे. ज्या वाक्याला उत्तर मिळत नाही ते खोडावे. पुष्कळ वाक्ये जातील. परंतु उरलेल्यांना आधार असेल.

खोडण्याचा विषय निघाला असता ‘माझा प्रवास’च्या संहितेचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. वैद्य हे साक्षेपी विद्वान; पुढे पानिपतच्या पार्श्वभूमीवर ‘दुर्दैवी रंगू’ (१९१४) ही कादंबरीही त्यांनी लिहिली. १९०७ च्या आवृत्तीत त्यांनी विष्णुभटांची भाषा सावरली आणि मजकुराची काटछाट केली. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली, तेव्हा वाचकांना विष्णुभटांचे स्वतःचे बोलणे ऐकू आले: त्यातील ओबडधोबड वळणे, लांबलेली वाक्ये आणि भिक्षुकी शब्दकळा यांसह. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचणे हा संपादनाचा उत्तम अभ्यास आहे. वैद्यांच्या संस्कारामुळे वाचनीयता वाढली, हे खरे; पण बोलणारा माणूस थोडा दूर गेला. पुनर्लेखन करताना काय काढायचे याचा निर्णय यावरून करता येतो. निवेदकाला जे माहीत असणे शक्य नाही ते काढावे, एकदा सांगितलेले पुन्हा आले असेल तर काढावे. मात्र निवेदकाची बोलण्याची ढब केवळ अशिष्ट वाटते म्हणून काढू नये. प्रमाणभाषेच्या धाकाने मराठीतील अनेक होतकरू लेखकांनी आपल्या पात्रांची जीभ अशीच छाटलेली आहे.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. एका जोडी डोळ्यांपुरते लिहायचे ठरविले तर व्यापक दर्शन देणारी कादंबरी कशी लिहिली जाईल? विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) सारख्या कृतीत छावणी, मुत्सद्देगिरी, दुष्काळ आणि रणभूमी यांचा विस्तृत पट आहेच. आक्षेप योग्य आहे. पण व्यापक पटदेखील अनेक मर्यादित दृष्टींच्या जोडणीतूनच विश्वसनीय होतो. लेखक सर्वज्ञ असला तरी त्याचे पात्र सर्वज्ञ नसते, आणि पात्राच्या अज्ञानातूनच निर्णयाचे नाट्य निर्माण होते. शिवाय प्रारंभीच्या लेखकाने आधी एक खोली नीट उजळावी आणि मग वाड्याचा विचार करावा, हे व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

ओरछा दरवाजा कोणी उघडला, या प्रश्नाचे निश्चित उत्तर कथाकाराकडून कोणी मागत नाही. त्याच्याकडून मागितली जाते ती एवढीच गोष्ट, की दरवाजाच्या आत असलेल्या माणसांना त्या पहाटे जेवढे ठाऊक होते तेवढ्यावर त्याने त्यांना जगू द्यावे, आणि त्यांच्या मरणाचे खापर फोडायला सोयीचा एखादा माणूस शोधण्याआधी गवताचे भारे वाहून आणणाऱ्या मजुरांकडे एकदा पाहावे. तेही कोणत्या तरी गावचे होते, त्यांच्याही डोक्यावर कर्ज असेल, आणि त्यांची कथा अद्याप लिहिली जायची आहे.